फुंकर

बेळगावहून टेम्पोत आडवे होऊन आलेले
ते मिलिंग मशीन आता माझ्या गॅरेजात उभे.
स्कूटर बाहेर, फणसाखाली.
मये गावात एवढीच क्रांती.

दिवाडीच्या कायतानने होडीच्या इंजिनाचा
तुटलेला ब्रॅकेट आणून दिला,
केळीच्या पानात गुंडाळून, बांगडा आणावा तसा.
म्हणाला, असाच दुसरा कर.

ॲल्युमिनियम दिसते गरीब.
लोखंड भांडते, पितळ कुरकुरत सुटते,
हे मात्र जरा तापले की
कटरच्या दातांत जाऊन बसते,
नाताळातल्या दोदोलासारखे.
मग कटर कापत नाही, घासतो,
आणि विहीर आटल्यावर पंप काढतो
तसला आवाज काढतो.
काल सहा मिलिमीटरचा एक गेला.
साडेचारशे रुपये.
त्याचे टोक दाराच्या चौकटीत रुतलेय,
माझ्या कानाच्या उंचीवर.

तर, थंड कशाने करायचे?

आमोण्याला बार्जी दुरुस्त करायचो
तेव्हा असला प्रश्नच नव्हता.
पाण्यात तेल मिसळलेले पांढरे दूध
धो धो वाहायचे कंपनीच्या पैशाने,
आम्ही त्यात हातही धुवायचो.
खाणी बंद पडल्या, दूध आटले.

घरी करून पाहिले तेही.
बादली, माशांच्या टाकीचा पंप, प्लास्टिकची नळी.
चवथीला आठ दिवस मशीन बंद,
आणि बादली नासली.
गणपती मखरात, माटोळी वर टांगलेली,
आणि घरभर कुजक्या सुंगटांचा वास!
मंदाकिनी काही बोलली नाही.
पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले, ते पुरले.

भाचा वेर्ण्याच्या कारखान्यात असतो.
तो म्हणाला, मामा, धुके मारा.
थेंबभर तेल, हवेच्या जोरावर.
ट्यूबलाइटखाली ते सुंदर दिसते, खरेच,
पण खाली बसत नाही.
माझ्या छातीत बावीस वर्षांचा
लाल धुरळा आधीच मुक्कामाला आहे,
त्याला वर तेल कशाला?

रॉकेल रेशनवर यायचे तेव्हा यायचे.
खोबरेल लावले तर कटर निमूट चालतो,
फक्त गॅरेजात कुणी केस विंचरत बसलेय
असे वाटत राहते.

कायतान म्हणाला, "हुर्राक घाल मरे!"
हसू नका. तो बरोबर होता.
दारू उडून जाताना उष्णता घेऊन जाते,
कापलेली कड आरशासारखी निघाली,
दोघांचे चेहरे दिसले तीत, लांबट.
पण ठिणगी पडली तर निळी ज्योत
भर उन्हात दिसत नाही.
शिवाय तिसरा कप
कटरपर्यंत पोचलाच नाही.

शेवटी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर,
तांब्याची नळी, आणि नुसती हवा.
तेव्हा कुठे कळले,
भानगड उष्णतेची कमीच होती.
कापलेला कीस तिथेच पडून राहायचा,
आणि दात तेच ते पुन्हा कापत बसायचा.
उडवून लावा त्याला, झाले.
पांढरा कीस फणसाच्या मुळापर्यंत जातो,
कोंबड्या धावत येतात, फसतात, परत जातात.

फक्त एक ते चार कॉम्प्रेसर लावायचा नाही.
शेजारी आवेलीनाबाई झोपतात,
त्यांची खिडकी माझ्या भिंतीपासून चार हात.
सरकार बदलेल, ही वेळ बदलणार नाही.

म्हणून आत्ता, तीन वाजता,
उजव्या हातात हँडल,
डाव्या हातात खोबरेलाचा ब्रश,
पायाखाली सायकलचा पंप.
एक घास कापायचा, एकदा पाय दाबायचा.
फुस्.
दोन भोके झाली, दोन राहिली.
कायतान फणसाखाली माझ्याच स्कूटरवर
तोंड उघडे टाकून झोपलाय,
आणि त्याच्या मिशीवर
थोडा कीस चमकतोय.